गुलाबी म्हणजे नेव्ही ब्लू

मागच्या महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी आठ दिवस रजा टाकून सांगलीला जाऊन राहिले. ऑपरेशन हल्ली अर्ध्या तासात उरकतं, खरं काम त्यानंतर सुरू होतं. दिवसातून सहा वेळा ड्रॉप, एक ड्रॉप घातला की दुसऱ्यासाठी पाच मिनिटं थांबायचं, डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, गॅसजवळ फिरकायचं नाही, आणि वर तो काळा गॉगल. आमच्या आईने ३८ वर्षं घरी ब्लाउज शिवलेत, फॉल-पिको केलंय, एका गणपतीच्या सीझनला तर रात्री दोनपर्यंत मशीन चालवलंय, तिला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. मशीनवर चादर टाकून ठेवली होती तरी ती अधूनमधून जाऊन चादरीवरूनच हात फिरवून यायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, काहीतरी वाच मला. पेपर सकाळी आठलाच संपला होता, निधनवार्तांसकट. माझ्या बॅगेत एकच पुस्तक होतं, तेही इंग्रजी, डायना व्रीलंड नावाच्या बाईचं आत्मचरित्र. म्हटलं वाचते, पण मराठी करत करत वाचेन, अडखळेन. आई म्हणाली, अडखळ, मला कुठे जायचंय.

तर ही बाई कोण. दर मे महिन्यात इन्स्टावर दोन-तीन दिवस जो धुमाकूळ असतो ना, न्यूयॉर्कच्या म्युझियमच्या पायऱ्यांवर चित्रविचित्र कपडे घालून सेलिब्रिटी चढत असतात, २०२२ ला आपल्या पुण्याच्या नताशा पूनावाला सोनेरी साडी आणि वर धातूचं काहीतरी घालून गेल्या होत्या, २०२५ ला शाहरुख गेला, दिलजीत पगडी आणि तलवार घेऊन गेला, तो मेट गाला. तो सुरू झाला १९४८ मध्ये, म्युझियमच्या पोशाख विभागासाठी निधी गोळा करायचं एक जेवण म्हणून, तिकीट ५० डॉलर. त्या जेवणाचा हा असा तमाशा (चांगल्या अर्थाने म्हणतेय, बहुतेक) व्हायला सुरुवात झाली ती १९७० च्या दशकात, आणि ती या बाईने केली. तेव्हा ती सत्तरीला टेकलेली होती आणि नोकरीवरून काढून टाकलेली होती. पण ते शेवटचं. आईला गोष्ट पहिल्यापासूनच लागते.

जन्म पॅरिसचा, १९०३. बाप इंग्लिश, आई अमेरिकन आणि प्रचंड देखणी. धाकटी बहीण अलेक्झांड्रा, तीही देखणी, रस्त्यात लोक थांबून बघायचे अशी. आणि ही डायना म्हणजे लांब नाक, रुंद तोंड, छोटे डोळे. तिची आई तिला सरळ तोंडावर सांगायची की तुझी बहीण इतकी सुंदर आणि तू इतकी कुरूप, वर तिच्यावर जळतेस, काय हे दुर्दैव. हे वाक्य मी मराठीत केलं आणि वाचून दाखवलं आणि आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, पाणी दे जरा.

का गप्प झाली ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मी सातवीत असताना गॅदरिंगसाठी मला राणी कलरचा घागरा हवा होता. कापड घरातच होतं, कुणाच्या तरी ऑर्डरमधून उरलेलं, भरपूर होतं. आई म्हणाली, तुझ्या रंगाला नाही जायचा तो, फिकं काहीतरी घे. झालं. एवढंच. कुणी मारलं नाही, झोडलं नाही, पण आज माझं कपाट उघडलंत तर त्यात क्रीम, बेज, ऑफ व्हाइट, फार तर फार मोतिया. ऑफिसमध्ये सगळे म्हणतात काय क्लासी चॉइस आहे. असो.

चौदा वर्षांच्या डायनाने मात्र वेगळंच काहीतरी केलं. डायरीत तिने लिहून ठेवलंय की आदर्श मानावी अशी एक परफेक्ट मुलगी मी शोधतेय, मला ती कुठेच सापडत नाहीये, तर मग ती मुलगी मीच होणार. म्हणजे मी सुंदर होणार असं नाही, मी ती होणार. तिने नाक झाकलं नाही. केस मागे चापून बसवले, काळे कुळकुळीत, लाखेसारखे चकचकीत, ओठ लालभडक, गालांवर रूज, ते कमी पडलं म्हणून कानांच्या पाळ्यांवरसुद्धा रूज. फोटो बघितलात तर आधी दचकायला होतं. मग नजर हलत नाही. आईला मोबाइलवर फोटो दाखवला (एक मिनिट, ड्रॉपच्या आधी), तर म्हणाली, जोगवा मागायला आलेल्या बाईसारखी दिसते. आणि थोड्या वेळाने, पण बघावंसं वाटतं गं.

१९२४ ला लग्न झालं, नवरा रीड व्रीलंड, बँकेतला, दिसायला राजबिंडा. दोन मुलगे. मग काही वर्षं लंडनमध्ये, तिथे तिने अंतर्वस्त्रांचं छोटंसं दुकान काढलं. तिच्या गिऱ्हाइकांमध्ये वॉलिस सिम्प्सन होती, म्हणजे जिच्यासाठी इंग्लंडच्या राजाने पुढे १९३६ मध्ये गादी सोडली तीच. तिने तीन नाइटगाउन शिवून घेतले आणि त्यानेच राज्य गेलं, असं डायनाबाई सांगतात. आई एकदम ताठ बसली. शिलाई किती घेतली?

ते पुस्तकात नाही, म्हटलं.

मग काय लिहिलंय त्या पुस्तकात, असं तिचं म्हणणं.

आता इथे एक सांगायला हवं. ही बाई थापा मारते. भरपूर मारते, आणि राजरोस मारते. लहानपणी म्हणे तिला घोड्यावर बसायला बफेलो बिलने, त्या काळच्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध घोडेस्वाराने, शिकवलं. १९२७ मध्ये लिंडबर्ग हा वैमानिक एकटा विमान घेऊन न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाला तेव्हा म्हणे तो तिच्या बागेवरून उडत गेला आणि तिने खालून बघितला. जन्मसालसुद्धा सोयीने पुढेमागे. पुस्तकाचं काम करणाऱ्यांनी विचारलं की हे फॅक्ट आहे की फिक्शन, तर म्हणाली फॅक्शन. पहिल्यांदा वाचताना मला चीड आली होती, म्हणजे अरे मी काय वेडी म्हणून वाचतेय का हे. मोठ्याने वाचताना मात्र वेगळंच झालं. आमच्याकडे एक लांबची आत्या यायची, तिच्या प्रत्येक गोष्टीत एक तरी राजा, एक तरी साप आणि एक तरी चुकलेली ट्रेन असायचीच, आणि सगळ्यांना ठाऊक असायचं की यातलं निम्मं खोटं आहे, पण ती आली की सतरंजी टाकून सगळे भोवती बसायचे. त्या थापांमधून तिला काही मिळवायचं नसायचं, दिवस रंगवायचा असायचा. डायनाबाईचं तेच. फरक एवढाच की आत्याला व्होगसारखं फॅशन मासिक मिळालं नाही.

नोकरी तिला कशी लागली ती गोष्ट मात्र खरी, कारण ती दुसऱ्या बाजूनेही सांगितली जाते. १९३६. न्यूयॉर्कला परत आलेले, खर्च राजेशाही आणि पैसे संपत आलेले. सेंट रेजिस हॉटेलच्या गच्चीवर ही नाचत होती, पांढरा लेसचा शनेलचा ड्रेस, केसात गुलाब. हार्पर्स बझार या फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी नोकरी देऊ केली. ही म्हणाली, अहो पण मी आयुष्यात कधी ऑफिसात पाऊल टाकलेलं नाही, दुपारच्या जेवणापर्यंत माझे कपडेसुद्धा करून होत नाहीत. स्नोबाई म्हणाल्या, पण कपड्यांतलं तुला कळतं असं दिसतंय.

सुरुवात एका कॉलमने झाली. नाव, तुम्ही असं का नाही करत? त्यात ती वाचकांना सल्ले द्यायची. तुमच्या सोनेरी केसांच्या बाळाचे केस उरलेल्या शॅम्पेनने का नाही धुवत, फ्रान्समध्ये धुतात तसे, म्हणजे रंग टिकेल? मुलांच्या खोलीच्या चारी भिंतींवर जगाचा नकाशा का नाही रंगवून घेत, म्हणजे ती कूपमंडूक होणार नाहीत? साल लक्षात घ्या, १९३६, अमेरिकेत मंदी, लोक कामासाठी वणवण फिरतायत आणि ही शॅम्पेनने केस धुवायला सांगतेय. १९३८ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात एस. जे. पेरलमन या विनोदी लेखकाने त्या कॉलमची यथेच्छ टर उडवली. उडवायलाच हवी होती. मीसुद्धा वाचताना थांबून आईला म्हटलं, बघ काय माज आहे. आई म्हणाली, नकाशाचं चांगलं आहे की. आणि मला आठवलं की आमच्या जुन्या घरात मशीनच्या मागच्या भिंतीवर खरंच जगाचा नकाशा होता, कुठल्या तरी बँकेच्या कॅलेंडरचा, भिंतीला ओल आली होती ती झाकायला लावलेला. मी होमवर्क करताना त्यातलं ग्रीनलंड बघत बसायचे.

पुढची पंचवीसेक वर्षं ती तिथेच, बहुतेक काळ फॅशन एडिटर म्हणून. फॅशन एडिटर म्हणजे नक्की काय करतो हे आईला समजावणं अवघड गेलं, कारण आमच्याकडे बायकांचं मासिक म्हणजे स्त्री, माहेर, मेनका, कथा, पाककृती, क्रोशाचा एखादा नमुना. मी म्हटलं, कुठला कपडा, कुठली मुलगी, कुठे उभी करायची, कसा फोटो, हे सगळं ठरवायचं. आई म्हणाली, म्हणजे गिऱ्हाइकाने काय घालायचं ते ही ठरवणार. म्हटलं हो. फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडन पुढे म्हणाला होता की हा पेशाच व्रीलंडने शोधून काढला, तिच्याआधी नुसत्या श्रीमंत बायका दुसऱ्या श्रीमंत बायकांच्या डोक्यावर टोप्या चढवायच्या. हा ॲव्हेडन पोरसवदा असताना तिला पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा ती एका मॉडेलच्या अंगावर लग्नाचा ड्रेस टाचत होती, टाचणी लागली, मॉडेल किंचाळली, हिने तिकडे बघितलंसुद्धा नाही, याच्याकडे वळून म्हणाली, ॲबर्डीन, हे बघून तुला रडू येत नाही का? पोराचं नावसुद्धा धड घेतलं नाही. तो वैतागून निघून गेला, मग परत आला आणि दोघांनी मिळून कितीतरी वर्षं काम केलं. आईला त्या टाचणीचाच राग आला. माझ्या हातून एकदाही कुणाला टाचणी लागलेली नाही म्हणाली, अडतीस वर्षांत.

मार्च १९४३ च्या कव्हरवर तिने एक अठरा वर्षांची अनोळखी पोरगी घेतली, रेडक्रॉसच्या रक्तदान खोलीच्या दाराशी उभी, टोपी, हातात पर्स, नजर थेट समोर. ते कव्हर बघून हॉलिवूडमधून बोलावणं आलं आणि ती लॉरेन बकॉल झाली. १९६० मध्ये जॅकी केनेडीने कपड्यांसाठी सल्ला मागायला पत्र लिहिलं तेही हिलाच. आणि पगार? तिच्याच म्हणण्याप्रमाणे १९३६ पासून वर्षाला १८ हजार डॉलर, आणि १९५९ मध्ये एकदाची वाढ मिळाली ती एक हजाराची. मालक हर्स्ट, ज्याने कॅलिफोर्नियात डोंगरावर महाल बांधला. हर्स्टचे पैसे तिकडेच जात असणार, असं ती म्हणते. स्नोबाई निवृत्त झाल्या तेव्हा संपादकपद हिला नाही, स्नोबाईंच्या भाचीला मिळालं. आई म्हणाली, सगळीकडे सारखंच.

मग १९६२ ला व्होग, आणि पुढच्या वर्षी मुख्य संपादक. साठ वर्षांची बाई आणि तिने पकडलं काय तर पोरासोरांचं जग. यूथक्वेक हा शब्द तिचा, १९६५ चा, म्हणजे तरुणांचा भूकंप. लंडनची ट्विगी, मिनीस्कर्ट, बीटल्सचा जमाना, जीन्सबद्दल म्हणाली की गोंडोलानंतर (व्हेनिसच्या त्या नावा) इतकी सुंदर गोष्ट झालीच नाही. पण मला सगळ्यात भिडतं ते तिने निवडलेले चेहरे. गायिका बार्बरा स्ट्रायसँडचं नाक. मॉडेल लॉरेन हटनच्या पुढच्या दातांमधली फट. वेरुष्का तर सहा फुटांच्या वर. पेनेलपी ट्री, नुसते डोळे आणि लांबलचक पाय. त्या वेळच्या कुठल्याही फोटोग्राफरने सांगितलं असतं की नाक सावलीत घे, तोंड बंद ठेव, बसून फोटो काढ. ही सांगायची, नाक आहे ना मोठं, मग एका बाजूने घ्या, दिसू दे अख्खं. जे खटकतं तेच पुढे आणायचं. स्वतःच्या चेहऱ्यावर चौदाव्या वर्षापासून केलेला प्रयोग तिने साठाव्या वर्षी अख्ख्या देशावर केला.

हे वाचताना मी जरा जास्तच जोरात वाचत होते बहुतेक. आई म्हणाली, हळू, मला ऐकू येतं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

सगळंच काही गोडवे गाण्यासारखं नाही. ऑक्टोबर १९६६ च्या अंकात तिने २६ पानं एकाच गोष्टीला दिली, वेरुष्का, ॲव्हेडन, ट्रंकाच्या ट्रंका भरून फरचे कोट आणि जपानचा बर्फ, सोबत एक धिप्पाड सुमो पैलवान. (पैलवान म्हटल्यावर आईने उताणा का चितपट असं काहीतरी विचारलं, आम्ही सांगलीचे.) फोटो अप्रतिम आहेत, वाद नाही, पण किती जनावरं अंगावर घातलीयेत ते आज बघवत नाही, आणि अख्खा देश नुसता मागचा पडदा म्हणून वापरलाय. तिला जग म्हणजे रंगपेटी वाटायचं. डोळ्यांनी प्रवास केला पाहिजे असं ती म्हणायची, ठीक आहे, पण तिकडच्या माणसांच्या डोळ्यांनीही काही बघितलं असेल ना, ते तिच्या पानांवर कुठे नसतं.

आणि आपल्याबद्दलचं ते वाक्य. १९५६ मध्ये नॉर्मन पार्किन्सन नावाचा ब्रिटिश फोटोग्राफर व्होगसाठी भारतात आला होता. त्याचा एक फोटो फेमस आहे, जयपूर, रंगवलेला हत्ती, आणि शेजारी गोरी मॉडेल लोकरीच्या गुलाबी कोटात. ते फोटो बघून डायनाबाई म्हणाल्या असं सांगतात की गुलाबी म्हणजे भारताचा नेव्ही ब्लू. म्हणजे आमच्याकडे जसा नेव्ही ब्लू, रोजचा, सगळ्यावर चालणारा, कधीही न चुकणारा, तसा त्यांच्याकडे गुलाबी. फॅशनवाल्यांच्या तोंडात हे वाक्य अजून आहे, डिझायनर लोकांच्या इंटरव्ह्यूत दर वर्षी कुठे ना कुठे सापडतंच.

आई आधी कोटावर अडकली. जयपुरात लोकर? उकडलं नसेल? मग वाक्याकडे आली. म्हणाली, नेव्ही ब्लू तर आपलाच आहे की, तुझ्या शाळेचा स्कर्ट काय होता. तेही खरंच. आमच्यातल्या प्रत्येकीने दहा वर्षं नेव्ही ब्लू घातलाय, त्याच्या प्लेट्स गादीखाली ठेवून इस्त्री केल्यात. भारताचा नेव्ही ब्लू नेव्ही ब्लूच होता, वर दोन रिबिनी.

पण मी विषय सोडला नाही. म्हटलं, आणि गुलाबी कुणाचा गं मग? सगळ्यांचा असेल तर मला का नाही?

फार वेळ ती काही बोलली नाही. गॉगलमुळे चेहरा कळत नव्हता. मग म्हणाली, हे बघ, माझ्याकडे दिवसाला दहा बायका यायच्या आणि दहाच्या दहा म्हणायच्या मला उजळ दिसेल असं काहीतरी सुचवा. तेच ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलं होतं. खरं सांगू, राणी कलरला सावळा रंगच लागतो. गोऱ्या अंगावर तो नुसता ओरडतो. मला तेव्हाही माहीत होतं, पैठणीवरचे ब्लाउज इतके शिवलेत मी.

मग?

मग काय, तू परत मागितलंच नाहीस.

यावर काय बोलणार. ड्रॉपची वेळ झाली होती.

१९७१ मध्ये व्होगने तिला काढलं. कारणं सरळ होती, जाहिराती घसरल्या होत्या, तिचे खर्च आवरत नव्हते, आणि बायका आता नोकऱ्यांना जात होत्या, त्यांना जपानच्या बर्फातली स्वप्नं नको होती, सोमवारी ऑफिसला घालता येईल असं काहीतरी हवं होतं. तिच्याच हाताखाली तयार झालेल्या ग्रेस मिराबेला संपादक झाल्या. डायनाच्या केबिनच्या भिंती लालभडक होत्या, सुगंधी मेणबत्त्या, बिबट्याच्या ठिपक्यांचा गालिचा. त्या भिंती रंगवून बेज केल्या गेल्या. बेज. इथे मी वाचायची थांबले, कारण माझ्या अंगात बेज कुर्ता होता. मिराबेलांची काही चूक नव्हती हो, त्यांच्या काळात खपही वाढला, माझ्यासारख्या बाईसाठीच तर अंक काढायच्या त्या. म्हणजे या गोष्टीत मी कुठल्या बाजूला आहे ते कळलं एकदाचं. माझं ऑफिसचं काम पण तेच आहे, कंटेंट, डेटा बघायचा, लोक काय सर्च करतात ते बघायचं आणि तेच त्यांना पुन्हा वाढायचं. व्रीलंड म्हणायची की लोकांना जे हवंय ते द्यायचं नसतं, हवंय हे त्यांना अजून माहीतच नाही ते द्यायचं असतं. मीटिंगमध्ये हे वाक्य टाकलं तर सगळे माना डोलावतील आणि पुन्हा एक्सेल शीट उघडतील.

नवरा १९६६ मध्येच कॅन्सरने गेलेला. नोकरी गेलेली. पैसे नाहीत, हे तिच्या बाबतीत कायमच खरं होतं, घर मात्र पार्क ॲव्हेन्यूवर, दिवाणखाना इतका लाल की ती स्वतः त्याला नरकातली बाग म्हणायची. मग मेट्रोपॉलिटन म्युझियमने, म्हणजे त्या मेट गालावाल्याच म्युझियमने, बोलावलं, पोशाख विभागाची सल्लागार म्हणून, आणि तिथे तिने दुसरी इनिंग खेळली. १९७३ ला डिझायनर बालेंसिआगाचं प्रदर्शन, मग हॉलिवूडचे पोशाख, १९७६ ला रशियाचे. पुतळ्यांना रंग दिला, संगीत लावलं, दालनात अत्तराचा वास सोडला. इतिहासाचे अभ्यासक डोक्याला हात लावून बसले की हे साल चुकलंय, हा दागिना या पोशाखावरचा नाही. १९८३ ला तर जिवंत डिझायनरचं, इव्ह सां लोराँचं प्रदर्शन केलं, त्यावर टीका झाली की हे म्युझियम आहे की दुकान. तिला पर्वा नव्हती. लोक मात्र रांगा लावून आले.

आणि १९८५ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेत भारत महोत्सव चालू होता तेव्हा, तिने भारतातल्या राजघराण्यांच्या पोशाखांचं प्रदर्शन मांडलं. तिच्या शेवटच्या काही प्रदर्शनांपैकी एक. रंगांची रंगपेटी शेवटी स्वतःच चालत तिच्या दारात आली म्हणायची. मेट गालात आज कुणी साडी नेसून गेली की आपण फॉरवर्ड करतो, अभिमान वगैरे, पण त्याच म्युझियममध्ये चाळीस वर्षांपूर्वी जरीचे अंगरखे काचेमागे उभे होते हे कुणाच्या लक्षात नसतं.

तिथेच १९७४ मध्ये एक तरुण फुकट मदत करायला आला होता, आंद्रे लिऑन टॅली, काळा, उंचनिंच, आजीने वाढवलेला. आजी विद्यापीठात साफसफाईचं काम करायची. त्याने जे काही करून दाखवलं ते डायनाबाईंना इतकं आवडलं की त्याचं करिअर तिथून सुरू झालं, पुढे तोही व्होगमधलं मोठं प्रस्थ झाला. शेवटी तिचे डोळे गेले. ज्या बाईचं सगळं आयुष्य बघण्यावर चाललं तिला दिसेनासं झालं, आणि ती म्हणायची की मी सुंदर गोष्टी इतक्या बघितल्या की डोळे थकले. तेव्हा हा टॅली संध्याकाळी येऊन तिला पुस्तकं वाचून दाखवायचा. २२ ऑगस्ट १९८९ ला ती गेली.

हे वाचून झालं आणि आम्ही दोघी जरा वेळ तशाच बसलो. मग आईने विचारलं, आणि ते बुटांचं काय म्हणालीस मघाशी? मी सांगितलं होतं की तिच्याकडची बाई तिच्या बुटांचे तळवेसुद्धा पॉलिश करायची. तळवे, खालचे. नोटांनासुद्धा इस्त्री. मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटला होता. आई म्हणाली, विक्षिप्त कसली, जिना चढताना मागच्याला तळवेच दिसतात. मी आतून ओव्हरलॉक का करते मग, कोण बघतं आत? तिने मघापासून पहिल्यांदाच त्या बाईला आपल्यातली मानली असं मला वाटलं. टाचणी माफ नव्हती केली, पण तळवे पटले.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी घरात गॉगल काढायची परवानगी दिली. घरी आल्या आल्या आई खिडकीत उभी राहिली आणि एक खेळ सुरू केला, डावा डोळा मिटायचा, उजव्याने बघायचं, मग उलट. डाव्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. समोरच्यांची टाकी निळी आहे म्हणाली, मला वाटायचं हिरवी. ट्यूबलाइट पांढरी आहे. मग माझ्याकडे वळली. एक डोळा, दुसरा डोळा.

हा कुठला रंग गं?

बेज.

मला क्रीम वाटायचा. हा तर कणकेचा रंग आहे. हे घालून तू ऑफिसला जातेस?

आणि मग तिने मशीनवरची चादर काढली. मी ओरडले, ती म्हणाली शिवत नाहीये, नुसतं बघतेय. दोऱ्यांचा डबा, तो जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा, खिडकीत आणून रिळं एकेक करून काढायला लागली. राणी कलरचं रीळ बराच वेळ हातात धरलं, विटकरी वाटायचं मला हल्ली म्हणाली, आणि माझ्या मनगटाला लावून बघितलं, एक डोळा मिटून, मग काही न बोलता बाजूला ठेवलं. मग काळी रिळं. पाच होती. डावा डोळा, उजवा डोळा. त्यातली दोन उचलून उजेडात नेली.

अगं हा काळा नाहीच. नेव्ही ब्लू आहे.

बसलीच ती खुर्चीवर. दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या काकूंचे तीन काळे ब्लाउज शिवले होते, तिन्हींना हाच दोरा लावला. हुकांना, बाह्यांना, सगळीकडे. मी म्हटलं, जाऊ दे, त्या तर घालून हळदीकुंकवाला जाऊन आल्या, काही बोलल्या का? नाही ना?

आईने जरा विचार केला. म्हणजे त्यांनाही झालाय मोतीबिंदू, म्हणाली. जा वर, सांगून ये डोळे दाखवा म्हणून. आणि ते ब्लाउज घेऊन ये येताना.